काजळ्याच्या शेपटीचा रंग

१४ सप्टेंबर, सोमवार

नारिंगी! शेपटीचं टोक नारिंगी आहे, पिवळं नाही. स्वतः पाहिलं, दहा हातांवरून, स्वच्छ उजेडात.

झालं असं — सकाळी रंगांच्या टेबलाशी बसले होते, पक्ष्यांच्या पुस्तकासाठीच्या एक्केचाळीस नंबरच्या चित्रावर शेवटचा हात फिरवत. बाहेरच्या झुडपांच्या कुंपणावर एकदम थवाच उतरला. काजळ्याच! ज्याचं चित्र चाललंय तोच! पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आहे, पण चोचीपासून डोळ्यावरून मागे ओढलेली ती काळी रेघ पाहिली की मला दुसरं नाव सुचत नाही. अंग दुधाळ चहाच्या रंगाचं, पोट फिकट पिवळं, डोक्यावर मागे वळवलेली शेंडी, पंखांवर लाखेचे थेंब सांडावेत तसे लाल ठिपके, आणि राखाडी शेपटीच्या टोकाला आडवी पट्टी. पिवळी पट्टी. सगळी पुस्तकं तेच सांगतात. संग्रहालयातून उसना आणलेला, कापूस भरलेला नमुना तेच सांगतो. माझं चित्रही तेच सांगतं. हा कुंपणावरचा मात्र कुणाचं ऐकायला तयार नाही.

ताईला हाक मारली. ती आली, खिडकीशी उभी राहिली. म्हणाली, "काजळ्या ना? पिवळंच टोक. चष्मा पूस, चिमे."

सत्तावन्न वर्षांची झाले तरी हिच्यासाठी चिमीच. चष्मा पुसला. नारिंगीच!

१५ सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा आले. मला कळायच्या आधी ताईलाच कळलं — "आले गं तुझे पाहुणे." याला गाणाऱ्या पक्ष्यांत का धरतात देव जाणे. गाणं म्हणजे नुसती बारीक शिट्टी, किटलीतलं पाणी उकळायला लागताना येते तशी. पण अकराजण एकदम सुरू झाले की खोली भरून जाते.

हावरट किती! कुंपणाला या दिवसांत लाल, पारदर्शक फळं लगडलेली असतात. एकेक फळ अख्खंच्या अख्खं घशात. पोटात जागा उरली नाही की मग खरी गंमत. एका फांदीवर ओळीने बसतात. एकजण फळ तोडतो, शेजाऱ्याच्या चोचीत देतो. तो पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला. कधी शेवटचा गिळतो, कधी फळ तसंच ओळीतून परत येतं. आज एक फळ चार चोचींमधून फिरून पहिल्याकडे आलं, आणि त्याने ते खाली टाकून दिलं! हसू आवरेना.

मोजले ते असे — पिवळी टोकं पाच, नारिंगी चार, दोन पानांत लपलेले. म्हणजे एकाच थव्यात दोन रंग? एकाच जातीत? नर-मादी म्हणावं तर यांच्यात नर-मादी सारखेच दिसतात. काही कळेना.

१६ सप्टेंबर

ढगाळ. वाटलं, ऊन नाही म्हणजे आता खरं काय ते दिसेल. तेच — काही पिवळे, काही नारिंगी.

१७ सप्टेंबर, गुरुवार

आज धीर केला. चित्रातल्या पिवळ्या पट्टीवर नारिंगी चढवला. पिवळ्यात लाल घालून, कुंपणावरच्या एका बेट्याशी ताडून बघत बघत, चार वेळा ब्रश धुऊन. जुळला!

मग ताईचा पास.

हे आमचं एकतीस वर्षांचं ठरलेलं. चित्र पुरं झालं की स्वयंपाकघराच्या दाराजवळ उंच स्टुलावर ठेवायचं. ताई हात मागे बांधून चार पावलांवर उभी राहते. शाळेत शिकवायची तेव्हा मुलांचे पेपर तपासायची, तसंच मला तपासते. "पास" किंवा "परत". तिसरा शब्द नाही. पास झाल्याशिवाय चित्र घराबाहेर जात नाही, हे संपादकांनाही ठाऊक आहे. सुरुवातीला फार छळलंय हिने. एका बदकाला पाच वेळा परत पाठवलं होतं. "याचे पाय पाहून वाटतं, हा चालत आला असेल बाजारातून!" अलीकडे मात्र पहिल्या झटक्यात पास. वयाने मऊ झाली की मी शेवटी शिकले, कोण जाणे.

आज स्टुलावर चित्र ठेवलं.  वाटलं, आता ओरडणार — हे काय भलतंच!

तिने बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "पोट छान उतरलंय. शेपटीचं पिवळंही. पास."

पिवळं?!

लाल मी स्वतःच्या हाताने घातलाय. लाल घातलेलं पिवळं, पिवळं कसं दिसेल? ट्यूब पुन्हा उघडून पाहिली. लालच. की मला लाल वाटतोय तोच लाल नाही?  जेवताना गप्प होते. ताईने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, काही नाही.

१९ सप्टेंबर

संपादकांचा फोन. चित्र पंचवीस तारखेच्या आत हवं. सहज विचारल्यासारखं विचारलं — "याच्या शेपटीचं टोक कधी नारिंगी असू शकतं का हो?"

"असू शकतं का म्हणजे? तुम्ही सांगायचं ना आम्हाला! बाई, लोक हे पुस्तक हातात घेऊन पक्षी ओळखणार. इथे अंदाजपंचे चालत नाही." मग आवाज एकदम गोड — "नजरेला त्रास होत असेल तर मोकळेपणाने सांगा हं. उरलेल्या नऊ चित्रांसाठी दुसरं कुणी बघता येईल. आजकाल पोरं फार छान काढतात."

पोरं छान काढतात! काढतात, मी पाहिलंय. म्हणून तर पुढे काही न विचारता फोन ठेवला.

२१ सप्टेंबर, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. ताई सोबत आली, पण बाहेर बाकावरच बसली. नर्स म्हणाली, "मावशी, आलाच आहात तर तुम्हीही दाखवून घ्या." ताई म्हणाली, "मला काय धाड भरलीय? हिला बघा."

डॉक्टरबाई बोलघेवडी. डोळ्यांत थेंब घातले, उजेड मारला, अक्षरं वाचायला लावली. "मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे. घाबरू नका." मी विचारलं, यात रंग बदलतात का? म्हणाली, "पुढे पुढे सगळं जरा पिवळट-तपकिरी दिसायला लागतं. तुमचं अजून तिथवर आलेलं नाही."

शेवटचं वाक्य घरी येऊन लिहिताना आठवतंय. तिथे असताना पुढे काही ऐकूच आलं नाही. नुसतं पिवळट, पिवळट. परत येताना रस्ता ओलांडायला मीच ताईचा हात घट्ट धरला. 

२२ सप्टेंबर

दूध पांढरं आहे ना? नळावरचं भांडं राखाडी की हिरवट? ताईची शाल जांभळी म्हणून घेतली होती, ती जांभळीच आहे ना?

अशाने वेड लागेल.

२३ सप्टेंबर, बुधवार

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. भीती वाटते. हात अजून थरथरत नाही. पण रंगच हरवला तर नुसत्या हाताचं काय लोणचं घालू? मला दुसरं काही येत नाही. स्वयंपाक ताई करते, हिशेब ताईकडे, लोकांशी बोलायचं तेही ताईच बोलते. मला फक्त बघता येतं. तेवढंच कमावलंय आयुष्यात. आणि आता ते खरं आहे की नाही हे दुसऱ्याला विचारावं लागतंय.

ताई कधी चुकत नाही. माझ्या लहानपणापासून एकदाही नाही. तिला पिवळं दिसतंय. सगळ्या पुस्तकांना पिवळं दिसतंय. कापसाच्या पक्ष्यालासुद्धा! एकटी मीच शहाणी?

२४ सप्टेंबर, गुरुवार

नारिंगी खरवडून काढला. ट्यूबमधून पिवळा सरळ घेतला, काही मिसळलं नाही, बाहेर पाहिलं नाही. खिडकीचा पडदा ओढून घेतला होता.

ताई — "पास."

दुपारी चित्र पाठवून दिलं. हलकं वाटायला हवं होतं.

२७ सप्टेंबर, रविवार

काय दिवस! नीट क्रमाने लिहिते.

सकाळी नऊला खिडकीवर धाडकन आवाज. बाहेर धावले तर कुंपणाखाली काजळ्या पडलेला. चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. मेला असं वाटून उचलला. मेला नव्हता, झिंगला होता! फळं जास्त पिकली की आंबतात, आणि हे हावरट तीच ठासून खातात. मग तोल जातो, काचेवर आपटतात. आजूबाजूला आणखी दोघे फांदीला लोंबकळत बसले होते, उत्सवमूर्तीसारखे!

तळहातावर पालथा घेतला, शेपटी पसरली. नारिंगी. पंखावर एकही लाल थेंब नाही. छातीवर पुसट रेघा.

ताईकडे नेला. तिने दोन्ही हात पुढे केले, ओंजळीत घेतला. "अगं किती हलका! काळीज बघ कसं धडधडतंय." एका बोटाने शेंडी कुरवाळत राहिली. कधी नव्हे इतकं हळुवार. मी म्हटलं, "आता अगदी जवळून बघ. टोक कसलं?"

"पिवळं. किती वेळा सांगू?" आणि पक्षी माझ्या हातात परत दिला.

हात टेकले मी! पण मग कडीवाल्याची आठवण झाली. हा गृहस्थ दर रविवारी मागच्या तळ्याशी जाळी लावतो, पक्षी धरतो, पायात नंबराची कडी घालतो आणि सोडून देतो. अधूनमधून माझ्या चित्रांसाठी मापं सांगतो. त्याला फोन केला, वीस मिनिटांत हजर. पट्टी, वजनकाटा, सगळा संसार पिशवीत. पक्षी हातात घेतला, शेपटी उलगडली आणि पहिलंच वाक्य —

"अरे वा, काकू! नारिंगी!"

मला रडूच फुटलं. तो घाबरला बिचारा. "काय झालं, चावला का?"

ताई तिथेच उभी होती. ती आत निघून गेली.

मग त्याने समजावलं. पीस म्हणजे आपल्या नखासारखं. वाढत असताना जे पोटात जातं, त्याचा रंग त्यात उतरतो. एकदा वाढून झालं की बदलत नाही, गळून नवं येईपर्यंत. काजळ्याचं पिवळं त्याच्या नेहमीच्या फळांतून येतं. पण या शोभेच्या कुंपणाच्या फळांत वेगळाच तांबडा रंग आहे. भर उन्हाळ्यापासूनच ती पिकायला लागतात, तेव्हाच घरट्यातल्या पिल्लांच्या शेपट्या वाढत असतात आणि आईबाप तीच फळं भरवतात. पिवळ्यात तांबडा मिसळला की नारिंगी. मोठे पक्षी पिसं टाकतात त्याच्या बऱ्याच नंतर, तोवर ही फळं सरत आलेली असतात. म्हणून ते पिवळेच. "हे या वर्षीचं पिल्लू आहे, काकू. लाल थेंब नाहीत बघा अजून. ते वयाने येतात."

विचारलं, तुम्हाला आधी माहीत होतं? म्हणाला, "गेल्या वर्षी सहा धरले. त्याआधी एकही नाही. मी तर कुणाला बोललो नाही, म्हटलं वेड्यात काढतील. हे कुंपण कधी लावलं?"

इमारतीला रंग दिला तेव्हा. तीन वर्षं होतील. त्याने कपाळावर हात मारला.

पक्ष्याला कडी घातली, तासभर कापडी पिशवीत अंधारात ठेवला, झिंग उतरल्यावर खिडकीत सोडला. सरळ त्याच फळांवर जाऊन बसला! याला म्हणतात निर्लज्ज.

२८ सप्टेंबर, सोमवार

मी मूर्ख आहे. शुद्ध मूर्ख! डोळ्यांत दोष असता तर अकराच्या अकरा नारिंगी दिसायला हवे होते ना? डोळा काय निवडून निवडून आजारी पडतो? हे पंधरा तारखेलाच या वहीत लिहिलंय — पाच आणि चार! लिहिलं, पण विचार केला नाही. कारण ताईने पिवळं म्हटलं होतं.

संपादकांना फोन केला. सरळच सांगितलं. चित्र परत पाठवा, शेपट्या दोन हव्यात, मोठ्याची पिवळी आणि पिल्लाची नारिंगी. आधी कुरकुर. मग कडीवाल्याचं नाव आणि सहा पक्ष्यांचे नंबर सांगितले तेव्हा नरमले. "हे कुठल्याच पुस्तकात नाहीये हो, बाई." म्हटलं, म्हणूनच. गुरुवारपर्यंत मुदत. फोन ठेवता ठेवता — "आणि हो, ताईंना दाखवाच."

नऊ चित्रांचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

३० सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस मान वर केली नाही. पिल्लू मोठ्याच्या शेजारी बसवलंय, दोघांच्या चोचींमध्ये एक फळ. देतोय कोण आणि घेतोय कोण हे मलाही माहीत नाही, तसंच ठेवलं. छातीवरच्या रेघा पुसट. दोन्ही शेपट्या अशा वळवल्या की टोकं एकाखाली एक येतात.

चांगलं झालंय. हे मला कळतंय. कुणाला न विचारता.

ताईशी कामापुरतं बोलते. तीही तेवढंच. पण डोक्यात एकच भुंगा — ती खोटं का बोलली? ओंजळीत होता पक्षी! कडीवाल्याला एका नजरेत दिसलं ते तिला दिसलं नाही? मी डॉक्टरकडे गेले, रात्र रात्र तळमळले, संपादकाचं ऐकून घेतलं, आणि ही शांतपणे पिवळं, पिवळं. मजा वाटत होती का? की मी कायम चिमीच राहावी असं वाटतं तिला? तिच्या पासशिवाय मला पाऊल टाकता येऊ नये असं?

वाईट आहे हे. पण मनात आलं, लिहिलं.

१ ऑक्टोबर, गुरुवार

चित्र पाठवलं. स्टुलावर ठेवलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

ताईने माझा पुठ्ठा गुंडाळतानाचा आवाज ऐकला. दारात आली. "झालं?" "झालं." वाटलं, विचारेल. नाही विचारलं. परत जाऊन कांदे चिरत बसली.

संपादकांनी फोनवर विचारलं, "ताईंनी पास केलं ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलले. खोटं बोलणं इतकं सोपं असतं होय!

२ ऑक्टोबर

फोन आला. चित्र उत्तम. नऊही माझीच. सांगायला ताईकडे धावत गेले आणि अर्ध्यातच थांबले. राग आठवला. परत आले.

३ ऑक्टोबर, शनिवार

ताईला दिसत नाही. बाजूबाजूचं दिसतं, चालता येतं, चिरता येतं. मधलं काहीच नाही. अक्षर नाही, पक्षी नाही, चित्र नाही, माझा चेहरा नाही. पावणेदोन वर्षं झाली. आज शेंगा सोलता सोलता सांगितलंन. "काजळ्याचं टोक पिवळं असतं हे पाठ होतं गं, म्हणून म्हणत राहिले." मी म्हटलं, आधी का नाही बोललीस? म्हणाली, "तू ब्रश खाली ठेवला असतास."

ठेवला असता.

पावणेदोन वर्षांत सतरा चित्रं. एकही कुणी परत पाठवलं नाही.

माझ्या हातातली शेंग सोलायची राहिली. तिला वाटलं, मी उठून गेले. "चिमे?" म्हणाली, आणि शेंगांचं ताट बाजूला सारून हाताने माझे गाल चाचपले, ओले आहेत का ते बघायला.